फट झाकायची चिकट पट्टी: कपाटाला धरते, भिंतीला सोडते

स्वयंपाकघरातलं उंच कपाट आणि भिंत यांच्यातली फट झाकायला ही पांढरी पीव्हीसीची पट्टी घेतली. गुंडाळीत येते, मधोमध दुमडायची, मागे चिकट टेप. बाकी सगळं पाकिटावर आहेच.

सुरुवातीला मी खूश होते. कपाट ओळंब्यात, भिंत नाही. त्यामुळे वर 3 मिमीची फट खाली येईपर्यंत 12 होते. पट्टीने सगळी झाकली. सुताराचे पैसे वाचले म्हणून ओळखीत शिफारससुद्धा केली. ती शिफारस आता अर्धीच धरा.

हवा दमट झाली आणि भिंतीकडची बाजू सुटायला लागली, तीही रंगाचा पापुद्रा घेऊन. लॅमिनेटवरची बाजू मात्र नखाने उचकटत नाही. टेप डिस्टेंपरला चिकटतो हो, पण डिस्टेंपर भिंतीला कुठे चिकटून असतो? शेगडीजवळ तर पट्टी मधेच फुगली, कारण पीव्हीसी उष्णतेने लाकडापेक्षा बरंच जास्त वाढतं.

तक्रार केली. आधी फोटो मागवले, मग उत्तर आलं की ‘पृष्ठभाग सपाट नव्हता’. अहो, भिंत सपाट असती तर पट्टी विकत कशाला घेतली असती?

पण सुटणं एक वेळ परवडलं. माझं डोकं फिरवलं ते त्या काळ्या रेघेने. टेप पट्टीच्या कडेबाहेर केसभर डोकावतो. त्यावर धूळ आणि तेलकट वाफ बसते आणि पांढऱ्या पट्टीला काजळ घातल्यासारखी रेघ उमटते. ओल्या फडक्याने पुसलं की पसरते. तेलाचा हात लावून मग साबणाने पुसलं की निघते, पण टेपची कड तिथेच असते, त्यामुळे पुन्हा येते. पाहुण्यांना दिसत नाही म्हणे. मला दिसते ना! शेवटी स्टीलची पट्टी धरून ब्लेडने ती कड कापून काढली, तेव्हा कुठे थांबली.

शेगडीकडची पट्टी काढून तिथे 6 मिमी जाडीची लाकडी पट्टी बसवली. ती कपाटाला समांतर, भिंतीच्या सर्वांत फुगीर जागी टेकवून धरायची. लहान ठोकळ्यावर पेन्सिल ठेवून ठोकळा भिंतीला घासत खाली न्यायचा, भिंतीचे सगळे नखरे पट्टीवर उमटतात. त्या रेघेवर जिगसॉ (बारीक पात्याची विजेची करवत) चालवायची आणि मागची कड कानशीने तिरकी घासायची, म्हणजे फक्त पुढची धार भिंतीला टेकते. हेडलेस (बिनडोक्याचे) खिळे कपाटातच मारायचे, भिंतीत नाही. दोघांची हालचाल वेगळी असते. उरलेल्या केसभर फटीत ॲक्रिलिक सीलंट. सिलिकॉनचं नको, त्यावर रंग बसत नाही. ॲक्रिलिक सुकताना आकसतं, दुसरा हात द्यावाच लागतो. आणि बिजागरीच्या बाजूला दार पूर्ण उघडतंय ना, ते खिळे मारायच्या आधी बघा.

आता मत पुन्हा थोडं बदललंय. हीच चिकट पट्टी पुस्तकांच्या कपाटाला लावली होती, तिथली भिंत ऑइलपेंटची आहे, जवळ उष्णता नाही. तिथे ती अजून जागची हललेली नाही. म्हणून उरलेली गुंडाळी टाकलेली नाही. आतल्या खोलीतल्या कपाटाला लावणार आहे, पण टेपची कड आधी कापून.