कार्ड संपलंय आणि गणपतीला घरी जायचंय: कागद की व्हिसा?

जर्मनीतलं राहण्याचं कार्ड संपलंय, नवं हातात आलेलं नाही. भारतात जाऊन परत यायचं तर एक वाट फिक्त्सिओन्सबेशायनिगुंगची, म्हणजे नव्या कार्डाच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत मिळणाऱ्या तात्पुरत्या दाखल्याची. नाव उच्चारेपर्यंत विमान सुटेल, पण कागद कामाचा. कार्डाची मुदत संपण्याआधी अर्ज केलेला हवा, आणि आत तिसऱ्या चौकोनात, जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ समोर, फुली हवी. पहिल्या चौकोनातली फुली परतायला चालत नाही. जुनं कार्ड, पासपोर्ट सोबत ठेवा. परतताना मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझा कागद उलटसुलट पाहून साहेबांना बोलावलं. २० मिनिटं नुसता घाम!

दुसरी वाट म्हणजे मुंबईच्या वकिलातीतून नवा राष्ट्रीय व्हिसा. काउंटरवर कटकट नाही, पण अपॉइंटमेंट मिळवा, मग वाट बघा. तेवढी रजा कोण देतंय? मी कागदच घेईन, तोही थेट विमान असेल तर; मधल्या विमानतळावर पुन्हा तोच घाम नको.