कुरासाव की बार्बाडोस: एकच जुनं सिनेगॉग पाहता येणार असेल तर

कॅरिबियनला जाताय, तिथलं एखादं ऐतिहासिक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहायचंच असं ठरलंय, पण दोन बेटं करण्याइतकी सुट्टी नाही. अशा वेळी खरी निवड दोघांत होते: कुरासावच्या विलेमस्टाड शहरातलं मिकवे इस्राएल-इमॅन्युएल आणि बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमधलं निधे इस्राएल. दोन्ही समाज सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधल्या धर्मछळातून निसटलेल्या ज्यूंचे. कुरासावला ते 1651 मध्ये आम्स्टरडॅमहून आले. बार्बाडोसला आलेल्यांत ब्राझीलच्या रेसिफेहून आलेली मंडळी होती. 1654 मध्ये पोर्तुगिजांनी ते शहर डचांकडून परत घेतलं आणि त्यांना तिथून निघावं लागलं. आपल्या कोकणातले बेने इस्रायलीही प्रार्थना सेफार्दी पद्धतीनेच करतात, त्यामुळे अलिबागचं किंवा मुंबईतलं सिनेगॉग पाहिलेल्या माणसाला ही दोन्ही ठिकाणं अगदीच परकी वाटणार नाहीत.

वयाचा हिशेब आधी करू, कारण त्यात गोंधळ होतो. बार्बाडोसचं सिनेगॉग 1654 चं म्हणून सांगतात, पण ती मूळ इमारत 1831 च्या चक्रीवादळात कोसळली. आज दिसते ती 1833 ची. कुरासावची इमारत 1732 ची आहे, आणि तेव्हापासून तिथली प्रार्थना थांबलेली नाही. अमेरिका खंडांत सलग वापरात असलेलं याहून जुनं सिनेगॉग नाही.

आत पाऊल टाकलं की कुरासाव जिंकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पायाखाली फरशी नाही, वाळू आहे. बारीक, पांढरी, रोजच्या वापरातली. ती का, याची तीन-चार कारणं तिथे ऐकायला मिळतात. पोर्तुगालमध्ये लपूनछपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वाळू पसरत, त्याची ही आठवण. किंवा इजिप्तमधून निघाल्यावर ज्यूंच्या पूर्वजांनी चाळीस वर्षं ज्या वाळवंटात काढली, त्याची खूण. किंवा आद्यपुरुष अब्राहामाला देवाने दिलेलं वचन, की तुझी संतती समुद्रकाठच्या वाळूइतकी होईल. आम्स्टरडॅमच्या 1675 च्या मोठ्या सिनेगॉगमध्येही लाकडी जमिनीवर वाळू टाकतात. तिथे दमट हवा आणि चिखलाचे जोडे हे साधं कारण देतात. कुरासावची वास्तू त्याच सिनेगॉगच्या धाटणीची आहे: पितळी झुंबरं, महोगनीचं गडद लाकूड, उंच खांब. खांबांना सारा, रिबेका, राहेल आणि लेआ या चार आद्य मातांची नावं आहेत. अंगणालगतच्या संग्रहालयात धार्मिक शुद्धीसाठीचं 1728 चं स्नानकुंड जपलं आहे.

मग बार्बाडोसला का जावं? तिथली गोष्ट हरवून परत मिळवण्याची आहे. समाज ओसरत गेला आणि 1929 मध्ये इमारत विकली गेली. पुढे तिथे कचेऱ्या आल्या. 1980 च्या दशकात ती पाडायचा बेत होता, तो बेटावरच्या नव्या ज्यू समाजाने हाणून पाडला आणि वास्तू पुन्हा उभी केली. 2008 मध्ये शेजारच्या गाड्या लावायच्या जागेखाली सतराव्या शतकातलं स्नानकुंड सापडलं. दगडी पायऱ्या उतरून खाली झऱ्याचं पाणी दिसतं. ही एक जागा कुरासावच्या कुंडापेक्षाही मनाला भिडते.

थडग्यांच्या बाबतीतही बार्बाडोस सरस. सिनेगॉगला लागूनच दफनभूमी आहे, शिळांवरचे पोर्तुगीज, हिब्रू आणि इंग्रजी लेख वाचत फिरता येतं. कुरासावची जुनी दफनभूमी 1659 ची, पण शहराबाहेर तेलशुद्धीकरण कारखान्याला खेटून आहे. त्या धुराने कोरीव शिळा झिजून गेल्या. चांगल्या शिळांच्या प्रतिकृती सिनेगॉगच्या अंगणात मांडल्या आहेत. त्या तिथेच पाहून घ्या.

एक गोष्ट दोन्हीकडे विसरू नका. ही समृद्धी साखर आणि गुलामांच्या व्यापारावर उभ्या असलेल्या वसाहतींतली आहे. कुरासाव तर डचांचं गुलामांच्या खरेदी-विक्रीचं मोठं केंद्र होतं आणि तिथले काही ज्यू व्यापारीही त्यात होते. स्वतः छळातून सुटून आलेल्यांचा हा इतिहास पाहताना जड वाटतं, आणि वाटायलाच हवं.

सेंट थॉमस बेटावरही 1833 चं, वाळूच्याच जमिनीचं सिनेगॉग आहे. अमेरिकेचा व्हिसा हातात असेल आणि तिथे थांबणारच असाल तर जरूर पाहा, मुद्दाम वाट वाकडी करू नका.

क्रूझने जाणाऱ्यांना कुरासाव सोपं. ओत्रोबांदाच्या बाजूला उतरून 1888 चा तरंगता पूल पायी ओलांडला की पुंडा भाग, तिथून सिनेगॉग काही मिनिटांवर. मात्र शनिवारी ते पर्यटकांसाठी नसतं, त्या दिवशी प्रार्थना असते. विमानाने जात असाल तर मुक्कामात शुक्रवारची संध्याकाळ येईल असं तिकीट काढा, सिनेगॉगला आधी कळवा, पुरुषांनी डोकं झाकायला टोपी जवळ ठेवा आणि प्रार्थनेला मागच्या बाकावर बसा.