सिनर्जिक मिग आणि वेल्डिंग ट्रॅक्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शिगम्याच्या सुमारास गोव्यातल्या कुंडईच्या आमच्या शेडमध्ये सिनर्जिक मिग मशीन (गॅसच्या आडोशात सतत वायर सोडून वेल्ड करणारं, सेटिंग स्वतः जुळवणारं) आणि टॉर्च घेऊन रुळावर चालणारा वेल्डिंग ट्रॅक्टर आला. आता दिवाळी तोंडावर आलीय. काम मुख्यतः बार्जच्या पॅनेलांचं, म्हणजे ८ मिमी प्लेटवर स्टिफनर (प्लेटला ताठ ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या) आणि लांबच लांब फिलेट, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेलं वेल्ड. वायर १.२ मिमी, गॅस ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू.

पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे बीडवर, म्हणजे वेल्डच्या रेघेवर, खूश होतो. सरळ, एकसारखी, स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब) जवळपास नाही. करंट २१० अँपिअर ठेवला की व्होल्टेज मशीनच जुळवतं. ट्रॅक्टरचा वेग मात्र आपणच ठरवायचा असतो, आणि काम लवकर उरकावं म्हणून मी तो मिनिटाला ५५० मिमी ठेवला होता.

आमच्या जुन्या फिटरकाकांना ती बीड पटेना. त्यांनी एका बाजूने वेल्ड केलेला टी-जोड मागितला आणि घणाने वेल्डच्या बाजूला पाडला. जोड उघडला तर कोपऱ्यात प्लेटची मूळ कड जशीच्या तशी दिसत होती. धातू तिथे वितळलाच नव्हता. हाताच्या वेल्डिंगमध्ये अशी चूक चार-सहा इंचांत राहते. ट्रॅक्टर तीच चूक सहा मीटर बिनचूक करत नेतो. त्या दिवसाची सगळी पॅनेलं आम्ही ग्राइंड करून पुन्हा वेल्ड केली.

मग वहीत हिशेब मांडला. मिनिटाला ६ मीटर वायर जात असेल तर ५५० वेगाला फिलेटचा पाय जेमतेम ५ मिमी भरतो, ३५० ला ६ मिमीच्या थोडा वर. म्हणजे नुसत्या वेगापायी जोडाची ताकद पाचव्या हिश्शाने कमी, आणि कोपऱ्यात मुळाशी धातू न वितळल्याचं नुकसान वेगळंच. पण वेग फार कमी करूनही चालत नाही. २०० वर करून पाहिलं, तर वितळलेला रस आर्कच्या पुढे धावला, आर्क त्या रसावरच जळत राहिला आणि खालची प्लेट कोरी राहिली. ८ मिमीला आमचं ३५० वर जमलं.

दुसरी गोष्ट स्टिक-आउटची, म्हणजे टॉर्चच्या टोकाबाहेर आलेल्या वायरच्या लांबीची. रूळ प्लेटला समांतर नसला की टॉर्च हळूहळू वर जातो. १५ मिमीचे २५ झाले की डिस्प्लेवरचा करंट आपोआप उतरतो आणि पेनिट्रेशनही (वेल्ड प्लेटमध्ये किती खोल जातं ते) कमी होतं. बीड वरून तशीच छान दिसते! आता रूळ लावल्यावर दोन्ही टोकांना पट्टीने मोजल्याशिवाय स्विच दाबत नाही.

१० मिमीचा बट जोड (कडेला कड लावून केलेला) लॅबमध्ये ओढून घेतला, तो वेल्डपासून लांब, प्लेटमध्ये तुटला. तसंच व्हायला हवं: आमच्या ई२५० ग्रेडच्या प्लेटची ओढ सोसायची किमान ताकद ४१० मेगापास्कल, तर ७०एस-६ ग्रेडच्या वायरची ४८०. त्यामुळे जोड वेल्डमध्ये सुटला तर वायरला दोष देण्याआधी फ्यूजन, म्हणजे प्लेट नीट वितळून जुळली का, ते तपासावं.

पावसात पोरॉसिटीने, म्हणजे वेल्डमधल्या बारीक छिद्रांनी, छळलं. शेडच्या उघड्या बाजूने वारा आला की गॅस उडतो, आणि गॅस वाढवत नेला तर प्रवाह खवळून हवाच आत ओढली जाते. ताडपत्री बांधली, प्लेट ज्वालेच्या टॉर्चने शेकून कोरडी केली, गॅस मिनिटाला १५ लिटरवर ठेवला, तेव्हा कुठे थांबलं.

मशीनवर मी समाधानी आहे. घ्यायचं असेल तर डेमोला स्वतःच्या जाडीची प्लेट न्या आणि तिथेच टी-जोड तोडून दाखवायला सांगा.