टाकी नव्याने सील केली म्हणून पैसे घेतले, आत नुसता लेप फिरवला

अमेरिकेत सेकंडहँड होमबिल्ट विमान घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. इंधनाची टाकी गळते म्हणून कुणाला दुरुस्तीला देणार असाल, तर त्याआधी वाचा. माझे अडीच हजार डॉलर गेले त्याचा राग आहेच. पण जे काम करून दिलं त्याने उड्डाण घेतानाच इंजिन बंद पडू शकलं असतं, आणि शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा माझी मुलगी असते. तो राग अजून गेलेला नाही.

होमबिल्ट म्हणजे स्वतः बांधलेलं विमान, बहुतेक वेळा किट आणून. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे ही कल्पना महाराष्ट्रात बऱ्याच जणांपर्यंत पोचली. इकडे अशी विमानं हजारोंनी उडतात. माझं आरव्ही-६ हे ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटवरून एका गृहस्थांनी बांधलेलं, त्यांच्याकडून मी घेतलं. दोन सीट, पंख खालच्या बाजूला, आणि प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेत १९ गॅलनची टाकी. ही टाकी म्हणजे पंखात ठेवलेला डबा नव्हे. पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत. आतल्या फासळ्या, मागचा पडदा (टाकीची मागची बाजू बंद करणारा पत्रा) आणि बाहेरचा पत्रा हे सगळं रिव्हेटांनी जोडलेलं असतं आणि प्रत्येक सांध्यात, प्रत्येक रिव्हेटखाली पॉलिसल्फाइडचं सिलंट भरलेलं असतं. बांधणारे त्याला सरसकट प्रोसील म्हणतात. दोन भाग वजनाने दहास एक प्रमाणात मिसळायचे, गंधकाचा उग्र वास सहन करायचा आणि घट्ट व्हायच्या आत हात चालवायचा. नीट भरलेलं प्रोसील वर्षानुवर्षं टिकतं. म्हणूनच ते काम वेळखाऊ आहे, आणि म्हणूनच लोक ते दुसऱ्याला द्यायला तयार होतात.

माझ्या डाव्या पंखाखाली रिव्हेटांच्या एका ओळीभोवती निळे डाग दिसू लागले. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलला निळा रंग घातलेला असतो. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो. डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असं मात्र नाही. पेट्रोल फासळी आणि पत्रा यांच्या फटीतून सरकत सरकत भलतीकडे बाहेर पडतं. हे मला माहीत होतं, म्हणूनच टाकी उतरवून, मागचा पडदा उघडून आतून सील करणारा माणूस मी शोधत होतो.

होमबिल्ट विमानाच्या बाबतीत नियम असा आहे की दुरुस्तीला परवाना लागत नाही. ज्याने विमान बांधलं त्याला एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक नियामक खातं, रिपेअरमन सर्टिफिकेट देतं आणि तो स्वतः दरवर्षीची कंडिशन इन्स्पेक्शन सही करू शकतो. विमान विकलं की ते सर्टिफिकेट नव्या मालकाकडे जात नाही. माझ्यासारख्याला वर्षातून एकदा ए अँड पी (एफएएचा परवाना असलेल्या) मेकॅनिककडून ती सही घ्यावी लागते. पण मधल्या काळातली दुरुस्ती कुणीही करू शकतो. मालकाला आपल्या विमानावर हात चालवता यावा म्हणून हे स्वातंत्र्य आहे आणि ते असायलाच हवं. त्याच स्वातंत्र्याच्या आडोशाने काही माणसं धंदा मांडून बसतात.

हा माणूस टेक्सासमधल्या छोट्या विमानतळांवर फिरून टाक्यांची कामं घ्यायचा. बोलायला अतिशय आपुलकीचा. पडद्याला भोकं पाडून आत हात घालतो, जुनं सिलंट खरवडून काढतो, नवं भरतो, झाकणं रिव्हेट करतो, मग हवेच्या दाबाने तपासतो, असं त्याने क्रमवार सांगितलं, आणि ते सगळं बरोबर होतं. त्याला काम येत नव्हतं असं नाही. त्याला ते करायचंच नव्हतं. अर्धे पैसे आगाऊ घेतले. स्वतः टाकी उतरवली, ट्रेलरवर नेली, आणि एका वीकेंडात परत आणून स्वतःच बसवली. बसवून देणं किमतीतच आहे, म्हणाला. टाकीचा मागचा पडदा पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईला, लागून असतो. टाकी बसली की तो कुणाच्याही नजरेला पडत नाही.

कामाचे फोटोही पाठवले. उघडलेला पडदा, सांध्यांवर सुबक राखाडी सिलंट. ते फोटो मी नंतर मोठे करून पाहिले. फोटोतल्या टाकीत इंधन मोजायच्या कपॅसिटिव्ह पट्ट्या होत्या. माझ्या टाकीत फ्लोटचा सेंडर, म्हणजे तरंगत्या फ्लोटवरून पातळी सांगणारा मापक, आहे. फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी टाकीचे होते.

डाग थांबले. सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. मग वार्षिक तपासणीत आमच्या मेकॅनिकने इंधनाचा फिल्टर उघडला आणि मला हाक मारली. जाळीवर दुधावरच्या सायीसारखे पांढुरके पापुद्रे चिकटले होते. टाकीतल्या पिकअप नळीच्या, म्हणजे पेट्रोल ओढून घेणाऱ्या नळीच्या, जाळीवर त्याहून जास्त. आरव्हीचे पंख खाली आणि इंजिन वर, त्यामुळे पेट्रोल पंपाने ओढूनच वर न्यावं लागतं. टाकीतलीच जाळी बुजली तर बूस्ट पंप (जादाचा विजेवरचा पंप) लावूनही काही मिळत नाही. आणि इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं ते टेकऑफला, जेव्हा खाली वळून परत यायला उंचीच नसते.

टाकी उतरवली. मागचा पडदा जसाच्या तसा होता. एकही भोक नाही, एकही नवा रिव्हेट नाही, मूळ प्रायमर शाबूत. त्याने फक्त फिलर कॅपमधून स्लॉशिंगचं पातळ द्रावण ओतलं होतं, टाकी इकडेतिकडे फिरवली होती आणि उरलेलं ओतून काढलं होतं. आतून एक पातळ कातडी बसते आणि गळती काही दिवस झाकली जाते. जुन्या बांधणाऱ्यांना हे द्रावण ओळखीचं आहे. एकेकाळी ते सर्रास वापरलं जायचं. पुढे अनेक टाक्यांमध्ये ते सुटून जाळ्या बुजवू लागलं, तेव्हा व्हॅन्सनेच ते वापरू नका असं सांगितलं. टाक्यांचा धंदा करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणं शक्य नाही. मला याचीच सगळ्यात जास्त चीड आहे.

खरी दुरुस्ती नंतर ईएएच्या टेक्निकल काउन्सेलरच्या देखरेखीखाली आम्हीच केली. एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे हे अनुभवी स्वयंसेवक सभासदांकडून पैसे घेत नाहीत, तरी आपले लोक त्यांना बोलवायला उगाच संकोचतात. आधी टाकी पूर्ण रिकामी करून वाफा घालवल्या. व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याच्या नळीच्या, तोंडाला फुगा बांधला, कॅप टेपने बंद केली, फिटिंगमधून हलकी हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. फुगा एवढ्यासाठी की दाब जास्त झाला तर टाकी फुगून सांधेच फाटतात. बुडबुडे आले ते डागांपासून बरेच दूर, पडद्याच्या आतल्या कोपऱ्यात. मग पडदा उघडला. ती कातडी एमईके हे तीव्र सॉल्व्हंट लावून लावून, मास्क आणि हातमोजे घालून, हाताने काढावी लागली. सगळ्या दुरुस्तीत हेच काम सगळ्यात लांबलं. कातडीचा एक तुकडा जरी राहिला तरी त्यावर नवं प्रोसील धरत नाही, आणि तो पुढे कधीतरी जाळीवर येतोच. नवं सिलंट भरल्यावर ते पक्कं व्हायलाच काही दिवस ठेवावं लागलं. एका वीकेंडात नेऊन, उघडून, भरून, सुकवून, तपासून परत आणणं कसं जमेल, ते यावरून समजून घ्या.

तुम्ही कुणाला काम देणार असाल तर टाकी बसवण्याआधी पडदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि बघू देत नसेल तर उरलेले पैसे देऊ नका. पावतीवर सिलंटचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख लिहून घ्या. हे सगळं डब्यावर छापलेलं असतं आणि मुदत संपलेला माल स्वस्तात फिरत असतो. फोटो तुमच्याच टाकीचे हवेत, सेंडर आणि झाकणाची प्लेट दिसेल असे. माझ्या पावतीवर फक्त "टँक सील, लेबर आणि मटेरियल" एवढंच होतं.

त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, गळती थांबली होती ना? त्यानंतर फोन उचलणं बंद. टेक्सासच्या ग्राहक फसवणूकविरोधी कायद्यात दावा लावण्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती सर्टिफाइड मेलने पाठवली आहे. फसवणूक जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झालं तर तिप्पटीपर्यंत भरपाई मागता येते, आणि २०,००० डॉलरपर्यंतचे दावे इथल्या जस्टिस कोर्टात वकिलाशिवायही चालवता येतात. जुनी पावती, ते फोटो, पापुद्र्यांनी भरलेली जाळी आणि मेकॅनिकची लॉगबुकातली नोंद हे सगळं जपून ठेवलं आहे. प्रकरण चालू असल्यामुळे नाव इथे लिहीत नाही.

पण कुठल्याही फिरत्या कारागिराकडून अलीकडे टाकी "सील" करून घेतली असेल, आणि पडदा उघडलेला तुम्ही पाहिला नसेल, तर पुढच्या उड्डाणाआधी फिल्टर उघडा आणि टाकीतली पिकअपची जाळी काढून बघा. पांढरा पापुद्रा दिसला तर विमान हँगरबाहेर काढू नका.