कार्ड खरं, तलवार दुसरीच

जपानी तलवार घेताना फसून घालवले ५,६३,००० येन. आकडा आधीच सांगून टाकतो, शेवटपर्यंत धीर राहणार नाही. तलवारीचे ४,८०,०००. सोबत गळ्यात मारलेल्या ‘जुन्या’ लोखंडी त्सुबाचे, म्हणजे मुठीपुढच्या चकतीचे, ३८,०००. आणि ‘प्रमाणपत्रासाठी अर्ज मीच करतो, तुम्हाला जपानी कागदपत्रं जड जातील’ असं गोड बोलून आगाऊ घेतलेले ४५,०००. त्या वेळच्या दराने सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास. तलवार आता माझ्याकडे नाही. का नाही, ते पुढे येईलच.

‘तलवार कोणी ऑनलाइन घेतं का?’ असं विचारणाऱ्यांसाठी: ऑनलाइन घेतली नाही. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं तोक्योत आहे. र्योगोकूचं तलवार संग्रहालय २०१८ मध्ये नव्या इमारतीत आलं तेव्हापासून तिथे जातोय. ते चालवणारी निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही १९४८ ची संस्था. तलवार अस्सल असल्याची तिची प्रमाणपत्रं, होझोनपासून तोकुबेत्सु जूयोपर्यंतच्या पायऱ्या, सगळं मला ठाऊक होतं. खोटी सही कोरलेल्या तलवारीला गिमेई म्हणतात हेही ठाऊक होतं. जुन्या बाजारात मासामुने, म्हणजे जपानच्या सर्वांत नावाजलेल्या लोहाराची तलवार, विकणारा माणूस दिसला की मी हसून पुढे जायचो. त्यामुळे मला तलवार विकणाऱ्या या गृहस्थाने मासामुने दाखवलीच नाही. सुकेसादा दाखवली.

इथे त्याची हुशारी मान्य करावी लागते. बिझेन प्रांतातल्या ओसाफुनेला सुकेसादा नाव लावणारे लोहार ढिगाने होऊन गेले. सेनगोकूच्या लढायांत, म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकात, त्यांनी घाऊक माल पुरवला. त्यातले योसोझाएमोन नो जो यांच्यासारखे मोजके नामांकित. बाकीच्यांची सही साधी, ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ एवढीच. अशी तलवार दुर्मीळ नसते, कवडीमोलही नसते. चार लाख ऐंशी हजार ही किंमत ऐकून कोणालाच शंका येणार नाही. फुकटात मिळत असती तर मीही पळालो असतो.

वर कार्ड होतं. जपानात तलवारीसाठी मालकाला परवाना लागत नाही, नोंदणी तलवारीची असते. प्रीफेक्चरचं, म्हणजे आपल्या राज्यासारख्या विभागाचं, शिक्षण मंडळ एक कार्ड देतं, तोरोकुशो. त्यावर लांबी, बाक, मुठीच्या खिळीसाठी पाडलेल्या भोकांची संख्या आणि सही, इतकं लिहिलेलं. कार्ड तलवारीबरोबर फिरतं, तलवार हातात आल्यापासून २० दिवसांत नव्या मालकाने मंडळाला कळवायचं. याचं कार्ड शोवा २६ चं, म्हणजे १९५१ चं. नोंदणी सुरू झाली ते पहिलंच वर्ष, आणि त्या वर्षी जुन्या सरदार घराण्यांच्या तलवारी बऱ्याच नोंदल्या गेल्या, म्हणून संग्राहक या कार्डांना ‘दाइम्यो नोंदणी’ म्हणतात. कार्ड अस्सल होतं. आजही म्हणतो, अस्सल होतं. ते या तलवारीचं नव्हतं, एवढंच.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांपुढे येतो. कार्डावर लांबी ६८.२ सेंटिमीटर. बोलता बोलता तो म्हणाला, ‘सहासष्ट सेंटिमीटरची आहे, तुमच्या उंचीला शोभेल.’ मी कार्ड हातात धरून हे ऐकलं. ऐकलं आणि मनातल्या मनात त्याच्याच बाजूने खुलासाही केला: अंदाजाने बोलत असेल, बाकावरून मोजली असेल. लांबी टोकापासून पाठीकडच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, त्यात बाकाचा काही संबंध नाही, हे मला पाठ होतं. पिशवीत मोजपट्टी होती. समोर पासष्टीचा, चहा पाजणारा, नावाला आदरार्थी ‘सान’ लावून बोलणारा माणूस. त्याच्यापुढे पट्टी काढणं म्हणजे त्याला चोर म्हणणं, असं वाटलं. संकोच. आपल्या लोकांना हा संकोचच बुडवतो.

आणि ती खिळी! मूठ काढून नाकागो, म्हणजे मुठीत दडलेला पात्याचा भाग, बघायचा असतो. सही तिथे, गंज तिथे, सगळी कुंडली तिथे. तो म्हणाला, खिळी जुनी आहे, अडकलीय, जबरदस्ती केली तर मूठ फुटेल, हा घ्या नाकागोचा फोटो. खिळी बांबूची असते हो. पितळी हातोडीने दोन टिचक्या मारल्या की निघते. लवंगेचं तेल, पुसायचा मऊ कागद, पातं साफ करायच्या उचिको पावडरची पुरचुंडी, सगळा सरंजाम त्याच्याकडे मांडलेला, आणि वीतभर हातोडी तेवढी नव्हती. फोटोत भोकं दोन, कार्डावर भोकं दोन, मी समाधानी. फोटो अर्थातच कार्ड जिचं होतं त्या खऱ्या तलवारीचा होता.

नाकागो बघू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. चहासुद्धा.

घरी आल्यावर २० दिवसांच्या आत मंडळाला कळवलं. अर्जात कार्डावरचेच आकडे उतरवायचे असतात, ते उतरवले, मंडळाने नाव बदलून घेतलं. तलवार कोणी बघितली नाही, मागितलीही नाही. नंतर एका जाणकाराकडे ११,००० येन देऊन मूठ काढून घेतली (हे त्या ५,६३,००० च्या वेगळे). भोक एकच. लांबी ६५.९. गंज वरपासून खालपर्यंत एकसारखा तपकिरी, पुसल्यावर कापडाला लागणारा. पाचशे वर्षांचा गंज काळा, दाट आणि घट्ट असतो. सहीच्या अक्षरांच्या कडा बोटाला टोचत होत्या. आणि नाकागोवरच, पात्याकडच्या बाजूला, जिथे दुसऱ्या महायुद्धातल्या कारखानी तलवारींवर शिक्का ठोकलेला असायचा, नेमका तिथे कानशीने घासून पाडलेला खळगा. त्यांनी दिव्याखाली पातं फिरवून दाखवलं. धारेलगतची पांढरी नक्षी होती, पण आत काही नाही. पाण्यात विझवलेल्या पात्यात दिसणारे बारीक चमकते कण नाहीत. तेलात विझवलेली, लष्करासाठी बनवलेली शोवातो. त्सुबाच्या भोकात ओतकामाची शिवण होती, तिच्याबद्दल त्यांनी काही बोलायचंही टाळलं. ते ४५,००० कुठल्या अर्जाचे, हेही तिथेच कळलं: परीक्षणासाठी तलवार प्रत्यक्ष जमा करावी लागते, फोटोवर काही होत नाही.

मला वाटलं होतं, ठीक आहे, फसलो, तक्रार करू. इथून पुढचं जास्त संतापजनक आहे.

मंडळाला फोन केला. बाई नम्रपणे म्हणाल्या, वर्णन जुळत नाही म्हणजे हे कार्ड त्या तलवारीचं नाही. कार्ड परत करा आणि तलवार पोलिसांकडे न्या. मी म्हटलं, तुम्हीच माझं नाव चढवलंत ना? त्या म्हणाल्या, अर्जातले आकडे बरोबर होते. बरोबरच असणार, तुमच्याच कार्डावरून उतरवले होते.

पोलीस ठाण्यात आधी विचारलं, तलवार घरात सापडली का? माळ्यावर, आजोबांच्या पेटीत वगैरे सापडली तर त्यांच्याकडे फॉर्म आहे. विकत घेतलेल्याचा फॉर्म नाही. मग सांगितलं की खरेदी-विक्रीतला वाद दिवाणी असतो, त्यात पोलीस पडत नाहीत. आणि त्याच दमात, तोच माणूस: नोंदणी नसलेली तलवार बाळगणं हा १९५८ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे त्याने मला लुटलं तो आमचा आपसातला मामला, आणि मी लुटला गेलो तो गुन्हा! व्हिसाच्या कार्डाची प्रत काढून घेतली ती माझ्या. विक्रेत्याचं नाव एका कागदावर लिहून घेतलं, तो कागद कुठल्या फाइलीत गेला देव जाणे.

शोवातोची नोंदणी होत नाही. कलावस्तू म्हणून तिला किंमत नाही, त्यामुळे कायद्यासमोर ती फक्त हत्यार. मालकी सोडल्याच्या कागदावर माझी सही घेतली आणि तलवार नष्ट करण्यासाठी ठेवून घेतली. मी सांगत होतो, तो घासलेला खळगा, ती सही, हाच माझा पुरावा आहे, निदान फोटो तुमच्या नोंदीत घ्या. उत्तर: गुन्हा नोंदलेला नसेल तर पुरावा कशाचा? एकदा वाक्य परत वाचा. मी खुर्चीत बसून ते तीनदा म्हणवून घेतलं, जपानी माझीच कच्ची असेल या आशेने.

मग १८८, ग्राहकांसाठीचा क्रमांक. विक्रेता व्यापारी आहे का? तो तर ‘संग्रह कमी करतोय’ म्हणाला होता, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर जुन्या वस्तूंच्या विक्रीचा परवाना क्रमांक नव्हता. मग दोन खाजगी व्यक्तींमधला व्यवहार, आमच्याकडे येत नाही. परवाना क्रमांक नसलेल्या माणसाकडून घेतलंत की तुम्ही ग्राहकसुद्धा उरत नाही, हे लिहून ठेवा. बँकेने सांगितलं, ८३,००० येन ज्या खात्यात गेले ते गोठवायचं तर पोलिसांकडून विचारणा हवी. पोलिसांचं वर सांगितलंच.

पैसे देण्याआधी कार्डावरचा नोंदणी क्रमांक घेऊन त्या प्रीफेक्चरच्या शिक्षण मंडळाच्या सांस्कृतिक विभागाला फोन लावा, आणि लांबी, भोकं, सही तलवारीवरून मोजून-वाचून सांगा. कार्डावरून नव्हे, तलवारीवरून. जपानी येत नसेल तर कोणाला तरी शेजारी बसवा. विक्रेता ‘आज रविवार, ऑफिस बंद’ म्हणाला तर सोमवारी घ्या. मुंबई-पुण्याहून जे जपानहून तलवार मागवायच्या गोष्टी करतात त्यांनाही: निर्यातीसाठी बुंकाचोचा, म्हणजे जपान सरकारच्या सांस्कृतिक खात्याचा, दाखला लागतो आणि कार्ड इथेच परत द्यावं लागतं, तेव्हा ‘ओरिजिनल कार्डासकट घरपोच’ म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा माझ्या गृहस्थाचा भाऊबंद.

आणि हो, खरी जुनी तलवार हाती आलीच तर नाकागोचा गंज घासू नका. पितांबरी तर अजिबात नको. तो गंजच तिचा जन्मदाखला.

आता उरलाय लघुदावा. इथल्या कनिष्ठ न्यायालयात ६,००,००० येनपर्यंतचा दावा एका सुनावणीत निकाली काढतात, माझी रक्कम त्यात बसते. ‘जसं आहे तसं, परत नाही’ असं पावतीवर असलं तरी दोष माहीत असून लपवला तर विक्रेता सुटत नाही, कायदा एवढा तरी माझ्या बाजूने आहे. अर्ज भरायला बसलो. पहिल्याच पानावर प्रतिवादीचा पत्ता लागतो. त्याने दिलेल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली होती, म्हणून स्वतः जाऊन पाहिलं. तिथे टपालपेट्या भाड्याने देणारं दुकान आहे.