मॉनिटरचा डेक आणि समटरचा तट

अमेरिकन यादवी युद्धातील आरमार छायाचित्रांतून समजून घ्यायचे असेल, तर जेम्स गिब्सन यांनी ९ जुलै १८६२ रोजी जेम्स नदीत टिपलेली उत्तरेच्या (युनियनच्या) ‘मॉनिटर’ या चिलखती युद्धनौकेची चित्रे आणि जॉर्ज कुक यांनी ८ सप्टेंबर १८६३ रोजी चार्ल्सटन बंदरातील फोर्ट समटरवरून घेतलेले दृश्य शेजारी शेजारी ठेवावे. तंत्र दोघांचे एकच: कोलोडियन या चिकट द्रावणाचा थर दिलेली काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ती ओली असतानाच चित्र घेऊन डेव्हलप करायची.

गिब्सन यांच्यापुढे नौका संथ पाण्यात होती, खलाशीही निश्चल बसले होते. त्यामुळे फिरत्या बुरुजाच्या लोखंडी पत्र्यावर चार महिन्यांपूर्वी दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) ‘व्हर्जिनिया’ या चिलखती नौकेच्या तोफगोळ्यांनी पाडलेले पोचे आजही स्पष्ट दिसतात. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ही नौका वादळात बुडून १६ जणांचा मृत्यू झाला, हे ठाऊक असताना ते चेहरे पाहणे जड जाते.

कुक यांच्या चित्रात असा तपशील नाही. त्याच बंदरातील दक्षिणेच्या फोर्ट मोल्ट्री या किल्ल्यावर मारा करणाऱ्या उत्तरेच्या नौका दूर, लहान आणि धुरकट दिसतात. परंतु ते प्रत्यक्ष चकमक चालू असताना, उद्ध्वस्त समटर किल्ल्याच्या तटावर उभे राहून घेतलेले आहे. नौकेची बांधणी अभ्यासणाऱ्याने गिब्सनच निवडावेत. बंदराच्या संरक्षणात किल्ला आणि नौका यांमधील अंतराला किती महत्त्व होते, हे मात्र कुक यांच्या अस्पष्ट चित्रातूनच अधिक उमगते, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे.