सागाच्या डेकखाली आंब्याचे वासे, आणि माझे २,३०,००० रुपये

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराला पडवीपुढे एका ठेकेदाराकडून लाकडी डेक करून घेतला. जमिनीपासून चार फूट उंच, २०० चौरस फूट, दर १,१५० रुपये. फळ्या आणि खालचे वासे, दोन्ही सागाच्या गाभ्याचे, असं ठरलं होतं. आगाऊ १,४०,०००, माल आल्यावर ६०,०००, काम संपल्यावर ३०,०००. एकही रुपया थकवला नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात सासूबाईंचा पाय फळीसकट खाली गेला, घोटा मोडला. खालचा वासा हाताने कुसकरत होता.

वासे आंब्याचे निघाले. आंब्याचं लाकूड पेट्यांना ठीक. कोकणच्या पावसात उघड्यावर टिकत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण ते टेम्पोतून उतरले तेच डांबर फासून, टोकांसकट! तो क्षण डोळ्यांपुढून जात नाही. मी विचारलंही, "टोकांनासुद्धा?" तर म्हणे, "वहिनी, पाणी टोकातूनच मुरतं." हे खरंच आहे हो. खऱ्या गोष्टीआड कुणी खोटं लपवलं तर माणसाने ओळखायचं कसं? फळ्या मी स्वतः पाहिल्या, त्या सागाच्या होत्या. कडेला पांढरी साल, म्हणजे गाभ्याबाहेरचं कच्चं लाकूड, दिसली, तर म्हणे, "तेल लावलं की एक होईल." साग असला तरी साल कुजते, वाळवीही तीच आधी खाते. सालवाली फळी परत पाठवा. पैसे स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंचे घेतले आणि मारले लोखंडी खिळे, खाऱ्या हवेत गंजून गेलेले.

पोलिस म्हणाले, "काम झालंय ना? मग ही दिवाणी बाब." ठरलेलं लाकूड दाखवून दुसरंच घातलं, माणूस जखमी झाला, तरी दिवाणी? भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? दुसऱ्या कार्यालयात पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे कच्ची पावती, त्यावर नुसतं "लाकूडकाम". तिसऱ्या ठिकाणी साहेब मीटिंगमध्ये. एकाने तर "डेकची गरजच काय होती" असं ऐकवलं. कुजलेल्या वाशाचा फोटो कुणी हातात घेतला नाही.

बिलावर लाकडाची जात आणि घनफूट लिहून घ्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मी तिथे जातेय. तो माणूस अजून किनाऱ्यालगतच्या बंगल्यांची कामं घेतोय. डांबर लावलेले वासे दारात आले, तर एक टोक करवतीने कापायला लावा, मगच टेम्पो रिकामा करू द्या.